लग्न वखारीत आहे

आमच्या कोपरगावात गोदावरीच्या अंगाला कापसाची एक जुनी दगडी वखार आहे. भिंती इतक्या जाड, की आत शिंकलं तर बाहेर दुसऱ्या दिवशी ऐकू येतं. नव्या मालकानं तिला चुना दिला, झुंबरं टांगली आणि ती लग्नकार्याला भाड्यानं द्यायला सुरुवात केली. माझ्या लेकीनं तिथंच लग्न करायचा हट्ट धरला. तारीख मिळवायला मी इतक्या चकरा मारल्या, की तिथलं कुत्रं मला लांबून बघूनच नकारार्थी मान हलवायचं.

मालकानं जागेला तीन ओळींचं इंग्रजी नाव दिलं होतं. मी पडलो मराठीचा निवृत्त मास्तर. पत्रिकेवर ठसठशीत छापलं, 'विवाहस्थळ : जुनी वखार, कोपरगाव'. बायको म्हणाली, "अहो, नुसतं हॉल लिहा." मी तिला 'वखार' या शब्दाचं मोठेपण अर्धा तास समजावलं. तेवढ्यात तिनं पंचवीस पोळ्या लाटल्या.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला अर्धा तास उरला, तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. नवरदेव नागापूरच्या कारखान्यात सुपरवायझर, घर पाथर्डीकडचं. मी मोबाईलवर लोकेशन पाठवलं होतं. पण त्यांच्या ड्रायव्हरचा मोबाईलपेक्षा माणसांवर विश्वास. त्यानं स्टँडवर विचारलं, "जुनी वखार कुठंय?" आणि अख्ख्या कोपरगावानं एकमुखानं सरपणाच्या वखारीकडं बोट दाखवलं. तिथली लाकडं बहुतेक एकाच कामाला जातात. शेवटच्या.

बसमधून पांढऱ्या टोप्या उतरल्या. प्रवासानं चेहरे सुतकी झालेले. वखारवाल्यानं हात जोडले, आवाज खाली आणला आणि नवरदेवाच्या मामांना विचारलं, "किती मण लागतील?" मामा एका कानानं कमी ऐकतात, दुसऱ्यानं अजिबात नाही. ते म्हणाले, "मानसं व्हय? दीडशे. मागून येनारी धरून."

"दीडशे मण?" वखारवाल्यानं डोळे पुसले. "पाव्हणं, गेलं कोन? हत्ती?"

हे नेमकं नवरदेवाच्या आत्याबाईंनी ऐकलं. त्या घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी खोकतही नाही. अपशकुन झाला, बस माघारी फिरवा, असं फर्मावून त्या सीटवर बसून राहिल्या. नवरदेवाचा मला फोन आला, "सर, आत्या ऐकेना. तुम्हीच या."

फेट्यासकट स्कूटरवर बसलो. वाटेत एक थाप रचली आणि पोचताच मारली. "आत्याबाई, आमच्या गावची रीतच आहे. नवरदेव आधी या वखारीत येतो, होमाचं लाकूड निवडतो."

"व्हय का? मग ह्या वखारवाल्याला कसं ठावं न्हाई?" त्या म्हणाल्या. "मास्तर, थापा शाळंतल्या पोरांना मारायच्या. माझ्या भाच्याचं लगीन, आन ह्यो आमाला चितेची लाकडं इचारतो. न्हाई व्हायचं आज लगीन."

मी फेटा सावरून दुसरी थाप जुळवायला लागलो. एवढ्यात लेकीचा फोन. नवरदेवानं तिला सगळं कळवलं होतं. म्हणाली, "बाबा, आत्यांना द्या." मी स्पीकर लावून पुढं केला.

"आत्या, तुम्ही उतरूच नका. मीच निघालेय तिकडं. गुरुजींना गाडीत बसवलंय. होमाला लाकडं तिथं आहेतच. फक्त झुंबर कुठं टांगायचं, तेवढं बाबांना दाखवून ठेवा."

आत्याबाईंनी पदर सावरला.

"अगं ए, थांब तितंच. शालू नेसून सरपनात येतीस व्हय? आमीच येतो." फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, "ही आमच्या पोराला पुरून उरंल. बरं झालं. त्याला कुनीतरी पायजेच हुतं."

मग बसपुढं मी स्कूटर अशी पिटाळली, की फेटा सुटून पार बसच्या काचेपर्यंत फडफडत गेला. ड्रायव्हर त्या शेमल्याच्या मागोमाग आला, म्हणून या वेळी चुकला नाही. अक्षता अगदी मुहूर्तावर पडल्या. गुरुजी अजून म्हणतात, अकरा मिनिटं उशीर झाला. त्यांचं घड्याळ पुढं आहे.