कमलच्या नवऱ्याचं नाव

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. आमच्या ह्यांच्यापुढे नाही, पोरीपुढे नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही हे सोडून बाकीचंच बोलले. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका — पण मधे काही विचारू नका, नाहीतर मी थांबेन.

मिल बंद झाली नि आमचे हे घरी बसले. अर्धी चाळच घरी बसली. माणसं सकाळी उठायची, आंघोळ करायची, नि ओट्यावर येऊन बसायची. जायचं कुठे? कमल आमच्या शेजारची. तिचा नवरा ह्यांच्याच खात्यात. पाळी नसेल तेव्हा तो स्टेशनच्या रोडवर पोह्याचा ठेला लावायचा, फार आधीपासून. निगमच्या, म्हणजे म्युनिसिपालटीच्या, ठेलेवाल्यांच्या लिस्टमधे नाव त्याचंच होतं. मिल गेली, वर्षाच्या आत तोही गेला. मग ठेल्यावर कमल उभी राहिली.

समोरच्या हॉटेलात मी चादरी धुवायला लागले. ते काम मला कुणी लावून दिलं? कमलनेच. मॅनेजर तिच्याकडे पोहे खायचा. घराबाहेर इथे हिंदीच चालते; ती त्याला म्हणाली, "साबजी, मेरी बहन जैसी है, रख लो."

मग हॉटेलवाल्यांनी एकी केली. बाहेरून बडे लोक येणार, कारखाने येणार, म्हणे — रोड चकाचक पाहिजे. खोली घेणाऱ्याच्या बिलावर थोडं जास्तीचं लावायचं, त्यातून दिवे, कुंड्या, फरशी. निगमने हो म्हटलं. पैसा त्यांचा, मग रोड कुणाचा झाला? तुम्हीच समजा. जुन्या ठेलेवाल्यांना एका कोपऱ्यात जागा देणार, बाकी सगळे हटणार. जुना कोण, नवा कोण, हे बघायला एक दिवस निगमचा बाबू लिस्ट घेऊन आला. सोबत आमचा मॅनेजर.

मी तेव्हा चादरींचं गाठोडं घेऊन फाटकात उभी होते. बाबूने कमलला विचारलं, "ठेला किसके नाम है?"

आता आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते, तेवढंच. नि विधवेला उखाणा कोण घ्यायला सांगतं? रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, जिथे विचारायचे तिथे कमलच्या नवऱ्याचं नाव मी सांगायची, माझ्या नवऱ्याचं ती सांगायची. किती वर्षं — कुणी सांगितलं नव्हतं, सवयच ती. म्हणून तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. सहज. आता ही बोलेल, असं.

बाबूही माझ्याकडे वळला. "बाईजी, इनको जानती हो?"

मी म्हणाले, "नहीं भिया. मैं तो बस चादरें धोती हूँ."

झालं. एवढंच. जीभ अडखळली पण नाही.

का बोलले? भीती होती — काम जाईल, घरात दुसरं कुणी कमावणारं नाही. पण मला धमकावलं होतं का कुणी? नाही. मॅनेजर तर माझ्याकडे बघतही नव्हता, तो कुंड्या कुठे ठेवायच्या ते बोटाने दाखवत होता. मी खरं सांगितलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. हेच खातं मला.

मग कमलने स्वतः नाव घेतलं. भर रस्त्यात, उघड्या तोंडाने — "दत्तात्रय." मान खाली, आवाज मात्र साफ.

बाबू हसला. "अब याद आया? लिस्ट तो बाहर चिपकी है अम्मा, कोई भी पढ़ के बोल दे. पहचानता कौन है तेरे को?" नि त्याने लिस्टमधल्या त्या नावावर रेघ मारली.

कमलला वाचता येत नव्हतं. हेही मला माहीत होतं. हेही मी बोलले नाही. गाठोडं उचललं नि आत गेले.

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. नाही आली. चाळीत कुणाला सांगितलंही नाही. आठ-दहा दिवस नळावर माझ्या मागेच लाइनीत उभी राहायची, माझी बादली भरली की बाजूला सरकवायची. मग खेड्याकडे, हातोदला भावाकडे गेली, सोयाबीन कापायला. ती निघाली तेव्हा मी दार लावून आत बसले.

दोन साल झाले, तिची पोरगी आली होती. म्हणाली, "मावशी, आई गेली." चहा प्यायली. मग म्हणाली, "आई नेहमी सांगायची, ह्या मावशीने मला फार साथ दिली."

मी हो म्हटलं. त्या पोरीच्या डोळ्यात बघून — हो म्हटलं, नि तिच्यापुढे बिस्किटं सरकवली.

ती दोन बिस्किटं खाऊन गेली.