रेणापूरच्या शिवारातला ड्रोन
हुरड्याचा वास आला की रेणापूरजवळचं ते शिवार आठवतं. आमच्या खगोल मंडळाची दुर्बीण, टॉर्च, सतरंज्या सगळं यादीप्रमाणे मांडलं होतं. गावात आधी कळवायचं तेवढं मी विसरले. चोर रात्री ड्रोन उडवून घरं हेरतात, अशा अफवेचे ते दिवस. दिवस मावळताच काठ्या घेतलेल्या माणसांनी आम्हाला घेरलं. पश्चिमेच्या झगझगीत ठिपक्याकडे बोट करून एक म्हातारे म्हणाले, "ड्रोन तुमचाच ना?" "काका, तो शुक्र आहे. दुर्बिणीतून बघा तरी." "फोडा ते यंत्र," मागून कुणी म्हणालं. म्हाताऱ्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि वाकून डोळा लावला. "कोर हाय रे, चंद्रावानी," ते म्हणाले. "रांग लावा." शेवटचा माणूस बघेपर्यंत मी ती काठी घट्ट धरून होते. आता दर हिवाळ्यात त्या काकांचाच फोन येतो, "ताई, ड्रोन कधी आणताव?"