काचेखालचे ठिपके

काकूंकडे सकाळी आधी पोळ्या नसत, आधी पाय असत. चहाचा काचेचा ग्लास धुऊन, पुसून त्या खुर्चीत बसायच्या. गाऊन जरा वर घ्यायच्या आणि नडगीवरच्या लाल ठिपक्यांवर ग्लासाचं बूड दाबून आत डोकावायच्या. चेहरा हजेरी घेणाऱ्या बाईंसारखा. मग म्हणायच्या, "आहेत आपले जागेवर."

वारज्यात त्या एकट्या राहत आणि मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. पहिल्यांदा ते ठिपके पाहून मला वाटलं, पित्त उठलंय. मी वाशीमकडची. आमच्याकडे पित्तावर गेरू लावतात. भीत भीत तसं सांगितलं.

"म्हणजे लालावर लाल," काकू म्हणाल्या. "छान दिसेल हो."

त्या रागावल्या की गंमत केली, ते मला कळलं नाही. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, पण इथली माणसं बोलली की माझं असंच होतं.

मग त्यांनीच समजावलं. रक्तात प्लेटलेट असतात, त्यांच्यामुळे रक्त वाहायचं थांबतं. काकूंचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारून टाकत होतं. त्यामुळे कातडीखाली रक्त झिरपायचं आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटायचे. ते दाबून जात नाहीत, खाजत नाहीत, दुसऱ्याला लागत नाहीत. न खाजणारं पुरळ! तुम्ही तरी कधी ऐकलं होतं का?

"पायावर वाढले तर डॉक्टरला फोन," काकू म्हणाल्या. "तोंडात आले तर थेट दवाखाना. लक्षात ठेव, मी विसरेन."

इमारतीत मात्र सगळ्यांनी डेंग्यू ठरवून टाकला. समोरच्या बाई पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या आणि जाताना गॅलरीतलं पक्ष्यांचं पाणी ओतून गेल्या.

"मला डास चावलेला नाही हो," काकू दारातून म्हणाल्या. "घरी येतात ते शेजारी."

पाठ त्यांना दिसत नसे, म्हणून ती माझ्याकडे. उन्हाळ्यात घामोळंही उठायचं. तेही लालच. ग्लास दाबला की घामोळं फिकं पडतं, हे ठिपके पडत नाहीत, एवढाच फरक. माझा सारखा गोंधळ व्हायचा.

"हे जातंय काकू... नाही, राहिलं... थांबा हं."

"अगं, ठरव एकदाचं. पाठ आहे, निवडणूक नाही."

त्यांची मुलगी खराडीला नोकरी करते. तिनं बजावून ठेवलं होतं, ठिपके वाढले की हे घर बंद आणि आई खराडीला. म्हणून रविवारी मुलगी यायची तेव्हा काकू पायांत मोजे घालून बसायच्या.

"आई, मे महिन्यात मोजे?"

"भेगा पडल्यात."

एकदा जाताना तिनं मला जिन्यात गाठलं. "मावशी, तुम्ही रोज बघता. वाढलं तर मला सांगाल ना?" मी मान हलवली. कशासाठी हलवली ते माझं मलाच समजेना.

वर आले तर काकू विचारतात, "काय म्हणत होती?"

"काही नाही."

"बराच वेळ काही नाही म्हणत होती."

मग एका सकाळी त्यांनी पोळीचा घास दातांनी तोडला आणि उरलेल्या पोळीवर लाल डाग दिसला. बीट खाल्लं म्हणाल्या. पण भाजी मीच आणत असे, घरात बीट नव्हतं. मी ती पोळी उचलून त्यांच्यासमोर धरली. शेवटी त्यांनी तोंड उघडून दाखवलं. गालाच्या आत काळपट लाल फोड होता, हिरड्यांतून रक्त येत होतं.

"तिला कळवू नकोस," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज सरळ होता. "उद्या मी रिक्षानं दवाखान्यात जाईन. हे घर सुटलं की मी उरत नाही गं."

लक्षात ठेव असंही त्यांनीच सांगितलं होतं. दोन्हींतलं कुठलं ऐकायचं? मी गॅलरीत गेले. मुलीला फोन लावला.

काकू वाचल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आणि घर बंद झालं.

सामान न्यायला त्या आल्या तेव्हा गोळ्यांनी चेहरा सुजला होता. मी भांडी पोत्यात भरत होते. त्यांनी कपाटातून तो ग्लास काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा तू ठेव. हेरखात्याला हत्यार लागतं."

तो टोमणा होता की माया? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण सुजेमुळे काहीच वाचता येईना. त्या हळूहळू जिना उतरून गेल्या.

मुलगी फोनवर सांगते, आई बरी आहे, ठिपके गेले. काकू स्वतः फोनवर येत नाहीत. का येत नाहीत, ते मी विचारत नाही. त्यांच्या गॅलरीत आता दुसऱ्यांचे कपडे वाळतात.

उन्हाळ्यात माझ्याही हातावर घामोळं उठतं. सकाळी चहा पिऊन झाला की मी तो ग्लास धुते, पुसते आणि हातावर दाबून बघते. काचेखाली कातडी पांढरी होते. कोणीच जागेवर नसतं.