ओल्या वाळूचा फोल्डर

बाईंबद्दल काही सांगण्याचा आपल्याला हक्क आहे का, याची पितळरावांना अजूनही खात्री नाही. ओळख ती केवढी? वर्षातून एकदा, आपला खोटा डोळा घासूनपुसून घेण्यापुरती. बाई राहतात कुठे, घरी कोण आहे, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी बाईंचं नावसुद्धा विचारलं नाही. बाईंनीही त्यांचं विचारलं नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

बाई डोळे बनवत. चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर त्यांची खोली होती. एक मोठी खिडकी, तिच्यासमोर खुर्ची, टेबलावर बारीक कुंचले, पॉलिशची मोटर आणि एक कॉम्प्युटर. गिऱ्हाईकाचा एक डोळा गेलेला असे. बाई उरलेल्या डोळ्याचे मोठे, स्पष्ट फोटो काढत आणि ते समोर ठेवून त्याच्या जोडीचं बुबुळ रंगवत. फोटोंना नावं मात्र माणसांची नसत, रंगांची असत. कोरा चहा, गंजलेला खिळा, ओली वाळू. आपल्या गोष्टीतले गृहस्थ 'जुनं पितळ' होते, म्हणून पितळराव. ते बुजून गप्प बसले की बाई म्हणत, "बोला हो, तुमचं पितळ काही उघडं पडत नाही."

त्या दिवशी पितळरावांचा डोळा नवा करायचा होता, जुना पिवळा पडला होता. बाईंनी कॅमेरा लावला, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरवर सूचना आली : जागा पुरेशी नाही.

"जागा नाही म्हणे!" बाईंनी पडद्यावर दुसरी चौकट उघडून दाखवली. "आणि इथे बघा, उपलब्ध जागा म्हणून हा एवढा मोठा आकडा. दोघांतलं एक नक्की थापा मारतंय."

"बंद करून पुन्हा चालू केलं तर?" पितळराव म्हणाले.

"हा तुमचा मागच्या वर्षीचा सल्ला. नवीन काही असेल तर सांगा."

जागा करायला म्हणून बाई जुने फोल्डर चाळू लागल्या. ओली वाळू नावाचे दोन निघाले. त्यातले एक चांभार होते, ते वारले होते. बाईंनी एक फोल्डर उचलून टाकला, वर कचरापेटीही रिकामी केली. उपलब्ध जागेचा आकडा वाढला, पण त्याखालचा मोकळ्या जागेचा आकडा होता तेवढाच राहिला. कॅमेरा पुन्हा म्हणाला, जागा नाही.

"घ्या! कचरा काढला तरी घर तेवढंच."

तेवढ्यात फोन वाजला. बाईंचे हात रंगात असायचे, म्हणून त्या फोन नेहमी स्पीकरवर घेत.

"बाई, परवा ऑपरेशन ठरलं," पलीकडून एक थकलेला आवाज आला. "ह्यांचा दुसराही डोळा काढणार. तुम्ही फोटो काढून ठेवलेत ना, चांगला होता तेव्हाचे?"

त्या गृहस्थांचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याचे फोटो काढून झाले, पण त्यावरून जोडीचा डोळा रंगवायच्या आतच तोही दुखू लागला आणि पांढरा पडला. आता दोन्ही बनवायचे होते.

"घरच्या प्रत्येक फोटोत मेला चष्माच चमकतोय," बायको सांगत होती. "दिसणार नाही ते नाही, पण रंग त्यांचाच हवा. जन्मभर त्या डोळ्यांशी भांडलेय मी. आता परक्या डोळ्यांशी कशी भांडू?"

"आहेत ना फोटो. काळजी नका करू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी उरलेली ओली वाळू उघडली.

पापणीवर जुना व्रण होता. हा चांभाराचा डोळा. म्हणजे बाईंनी टाकला तो या गृहस्थांचा.

त्यांनी भाचीला फोन लावला. कॉम्प्युटर तिनेच बसवून दिला होता.

"मावशी, आधी सांग, टाकल्यावर नवीन काही भरलंस का त्यात?"

"भरू कशी? जागाच नाही म्हणतोय."

"मग नशीब चांगलं. नीट ऐक. मोकळी जागा म्हणजे जिथे खरंच काही नाही, तुझा कॅमेरा तेवढीच मोजतो. उपलब्ध म्हणजे तिथे सामान आहे, पण गरज पडली तर मशीन ते फेकून जागा करून देईल. मी त्यात तासातासाला आपोआप प्रत ठेवायची सोय केली आहे. तू टाकलेलं बहुतेक त्या प्रतींत पडून असणार. म्हणून तर मोकळी जागा वाढली नाही."

"म्हणजे बसच्या बाकावर कुणाची पिशवी ठेवलेली असते, तसं. रिकामं नाही, पण सरकवा म्हटलं की मिळतं."

"अगदी तसंच. फक्त हे मशीन न विचारता पिशवी खिडकीबाहेर टाकतं. म्हणून बंद कर, आणि मी येईपर्यंत एक फोटोसुद्धा काढू नकोस."

बाईंनी कॉम्प्युटर बंद केला. पितळराव उठू लागले.

"कुठे निघालात? बसा. फोटो नाही तर नाही, डोळा तर समोर आहे."

खुर्ची खिडकीशी ओढून बाई थेट त्यांच्याकडे बघत रंगवू लागल्या. पितळरावांची पंचाईत झाली. एवढ्या जवळून कुणी बघायची त्यांना सवय नव्हती.

"माझ्याकडे बघा. जमिनीत काय पुरलंय?"

त्यांनी वर पाहिलं. बाईंचा हात स्थिर होता, पण टेबलाखाली पाय सारखा हलत होता.

"तुम्ही नावं का लिहीत नाही?" पितळरावांनी विचारलं. एवढा मोठा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा.

"नाव लिहिलं की माणूस नावासारखा दिसायला लागतो. मग रंग चुकतो." बाईंनी कुंचला पाण्यात बुडवला. "आज बघा कसं अंगाशी आलं. नाही मिळाले फोटो, तर त्या बाईला काय सांगू मी?"

पितळरावांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं.

"खिडकी अजून थोडी उघडू का?" ते म्हणाले.

"उघडा. बरं होईल."

भाची आली तेव्हा बुबुळ रंगवून वाळत ठेवलं होतं. तिने सकाळची प्रत शोधली आणि ओली वाळू जशीच्या तशी बाहेर काढली. बाईंनी फोटो पडदाभर मोठा केला, नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या.

"हाच. कडेला हिरवट रेघ आहे बघा." मग त्या जरा वेळ चष्माच पुसत बसल्या.

"मावशी, आता तरी नाव घाल याला," भाची म्हणाली.

"घालते की. काय नाव त्यांचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी त्यांच्या बायकोलाच फोन करून विचारावं लागलं. त्या आधी घाबरल्या, मग हसल्या. पुढे दोन्ही डोळे बसल्यावर त्यांचा निरोप आला की भांडण पूर्ववत सुरू आहे.

पितळराव पुढच्या वर्षी माडीवर गेले, तेव्हा पडद्यावर प्रत्येक रंगापुढे नाव होतं. जुनं पितळ तेवढं तसंच होतं.

"माझं राहिलं वाटतं," ते चाचरत म्हणाले.

"तुमचं कशाला? या रंगाचे तुम्ही एकटेच."

त्यानंतरच्या वर्षी माडीला कुलूप होतं. बाई वारल्याचं खालच्या चष्मेवाल्याने सांगितलं. पितळराव जिन्यातूनच परतले. बाईंनी त्या दिवशी समोर बसून रंगवलेला डोळा ते अजून वापरतात.

दोघांचं शेवटचं बोलणं पडद्यावर नावं दिसली त्या दिवशीचंच. डोळा घासून झाला होता, पितळराव दारात चपला घालत होते.

"धुताना बेसिनला बूच लावता ना?" बाईंनी आतून विचारलं.

"लावतो."

"लावत जा. निसटला तर थेट गटारात."

"लावतो, बाई."