खंडेनवमीची फुसफुस

खंडेनवमीला आमच्या कारखान्यातली सगळी यंत्रं थांबतात. त्यांच्यावरचा लोखंडाचा चुरा उडवायला हवेचा कॉम्प्रेसर तेवढा चालू असतो. यंदा यंत्रांना झेंडूचे हार घालताना कुठूनतरी बारीक फुसफुस ऐकू आली. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, हातातला नारळ बाजूला ठेवून भिंतीवरच्या हवेच्या नळीला कान लावून उभे राहिले. तापलेल्या नातवाच्या छातीला लावावा तसा.

कंपनीचा पर्यावरण अहवाल मी लिहिते. कॉम्प्रेसर एवढी वीज का खातो, हा त्यातला प्रश्न मी काकांना कितीदा तरी विचारला होता. "अगं, तो अहवाल बाहेरच्या ग्राहकांना दाखवायला. धंद्याला त्याचा काय उपयोग?" असं म्हणून ते चहा मागवायचे.

"म्हणजे वर्षभर आपण गळक्या नळीला वीज पाजतोय," काका आता पुटपुटले. मग जिथे जिथे फुसफुस होती, त्या प्रत्येक सांध्यावर त्यांनी झेंडूचं एकेक फूल बांधलं, दसऱ्याच्या सुट्टीनंतर फिटरला गळती सापडावी म्हणून.

मला वाटलं, अहवाल लिहिणं म्हणजे तरी काय, चालत्या कारखान्याने घटकाभर थांबून स्वतःचा श्वास ऐकणं. एरवी त्या खडखडाटात कोणाला ऐकू येणार?

आरतीला सगळे जमले. काकांनी पहिलं कुंकू त्या नळीला लावलं आणि मला म्हणाले, "पुढच्या वर्षीही विचारत जा गं. मी चहा मागवला तरी."