शास्त्रीय कारणे लिहा

माझ्या सासऱ्यांनी मुंबईत तीस वर्षं लिफ्ट चालवली. आठ मजल्यांची इमारत, कोपऱ्यात एक स्टूल आणि दिवसभर वर-खाली. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंतच्या वेळात माणसाला एक प्रश्न विचारून त्याचं उत्तरही मिळवायचं, ही सवय त्यांना तिथे लागली आणि नोकरी संपवून गडाच्या पायथ्याशी पाचाडला आले तरी सुटली नाही. मीठ संपलं म्हटलं की "मीठ आपल्याकडं येतं कुठनं?" पाहुणा जेवून हात धुवायला उठला की "काम काय करता? म्हंजे नेमकं काय करावं लागतं त्यात?" गडावर जाणारी माणसं आमच्या खानावळीत पिठलं-भाकरी नाहीतर वालाचं बिरडं खायला थांबतात. त्यांना म्हाताऱ्याची गंमत वाटायची. मला वाटायची नाही. उत्तर द्यायला मला वेळ नसायचा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा उत्तर माहीतही नसायचं.

माझी मुलगी मात्र त्यांच्या तावडीत खुशीने सापडायची. संध्याकाळी आजोबा आणि नात वाल सोलायला बसत. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, एकेक चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन बाहेर येते. दोन किलो वाल म्हणजे चार हातांना दीड तास. तेवढ्या वेळात तिची त्या दिवशीची शाळा आजोबांपुढे ओतली जायची. ती सांगायची, हे विचारायचे. "का?" "कसं काय?" "तुला कुणी सांगितलं?" मी चुलीपाशी असायची. कानावर पडायचं सगळं, पण मी कान देत नव्हते.

ती दहावीत गेली आणि आमच्या घराला दहावी लागली. लागली हाच शब्द बरोबर आहे. टीव्ही बंद केला. मागची खोली, जिथे तांदळाची पोती असत, ती रिकामी करून तिला दिली. नवऱ्याने महाडहून टेबल आणलं, दिवा आणला, दाराला आतून कडी बसवून घेतली. तो महाड-पाचाड जीप चालवतो, येता-जाता पॅसेंजर त्याला विचारत, "यंदा दहावी ना तुमच्याकडं?" आणि तो घरात कुणाचं आजारपण असावं तसा गंभीर होऊन मान हलवायचा.

जुलैतल्या पहिल्या चाचणीत तिला विज्ञानात वीसपैकी पंधरा पडले. नववीत सतरा-अठराच्या खाली ती कधी आली नव्हती. चाचणीच्या आठवड्यात तिला ताप होता, हे मला आज आठवतं. तेव्हा आठवलं नाही. तेव्हा मी घड्याळ लावून बसले. त्या संध्याकाळी वाल सोलताना ती आजोबांना एक पान समजावत होती. एका पानाला एक तास वीस मिनिटं लागली! मी हिशेब केला: पुस्तकाची पानं इतकी, दिवस इतके. दिवस पुरत नव्हते.

नवऱ्याला म्हटलं, "बाबा आहेत तोवर ही पास होत नाही."

"मग काय करायचं बाबांचं?" तो म्हणाला.

गणपतीला मुंबईहून धाकटे दीर आले. विसर्जनानंतर ते परत निघाले तेव्हा त्यांच्या गाडीत सासऱ्यांनाही बसवलं. "थोडी हवापालट," मी म्हटलं. पाचाडची हवा सोडून भांडुपला कोण हवापालटाला जातं? पण जन्मभर मिठाबद्दलसुद्धा प्रश्न विचारत आलेला तो माणूस त्या दिवशी काही बोलला नाही. पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला. मला सुटल्यासारखं वाटलं, तेही लिहून ठेवते.

घर शांत झालं. मुलीला सगळ्या कामातून मोकळं केलं. वाल मी एकटी सोलायला लागले. ती खोलीत, दाराला कडी, आणि बाहेर आम्ही दोघं चोरासारखे पाऊल टाकतोय. ताटसुद्धा मी आवाज न करता ठेवायची.

सहामाहीत विज्ञानाच्या पहिल्या पेपरात चाळीसपैकी एकोणीस.

आता मी, जिला आयुष्यात कुठली चौकशी करायचा उत्साह नव्हता, ती पोलिसासारखी कामाला लागले. मोबाइल तपासला, त्यात मैत्रिणींचे फोटो आणि शाळेच्या ग्रुपवरच्या सूचना. महाडला नेऊन डोळे तपासले, डोळे उत्तम. नवऱ्याला हळूच विचारलं, कुणी मुलगा वगैरे? तो जीप चालवतो, त्याला पंचक्रोशीतलं कोण कुठे उतरतं ते ठाऊक. "नाय गो, ती शाळंतनं सरळ घरी येते," तो म्हणाला, आणि दोघांनाही थोडं वाईटच वाटलं, कारण तसा कुणी असता तर निदान कारण तरी सापडलं असतं. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितली. ती काढली. शिकवणी लावली. त्यानंतरच्या चाचणीत नऊ.

दिवाळीनंतर वर्गशिक्षकांनी बोलावलं. त्यांनी पेपर पुढे सरकवला. "हिचं पाठांतर चांगलं आहे. पण हे बघा." व्याख्या बरोबर. सूत्र बरोबर. आकृती तर छापल्यासारखी. आणि जिथे जिथे 'शास्त्रीय कारणे लिहा' असं होतं, तिथे कोरी जागा.

घरी येऊन मी पेटीतून तिचा नववीचा पेपर काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. नववीत सगळ्यात जास्त मार्क याच प्रश्नाला होते. एका कारणाला तिने पाऊण पान लिहिलं होतं, आणि बाईंनी समासात 'थोडक्यात लिही' असा शेरा मारला होता. राग गेला होता. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं की हे मधल्या मध्ये गेलं कुठे.

डिसेंबरात गडावर गर्दी वाढली आणि माझा एकटीचा हात पुरेना. नाइलाजाने तिला वाल सोलायला बसवलं. थोड्या वेळाने विचारलं, "कारणं का गो सोडतेस?"

"सुचत नाय."

"नववीत सुचायची की."

ती एक डाळिंबी बोटात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तवा आजोबा इचारायचे. त्यांना सांगताना मला कळायचं. आता वाचते, पाठ होतं, पण कुणाला सांगायचं?"

मी लगेच पदर खोचला. विचारायचं एवढंच ना? गाइड उघडून बसले. "सांग, थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ का फुटतात?" तिने पाठ केलेलं घडाघडा म्हटलं, एका ओळीवर अडली आणि माझ्याकडे घाबरून पाहिलं. मी उत्तरावर बोट ठेवूनच बसले होते. दुसरा प्रश्न. तेच. तिसऱ्याला ती म्हणाली, "आये, तू इचारत नायस. तू तपासतेस."

झोंबलं. पण खरं होतं. म्हाताऱ्याला नळ का फुटतात ते ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय त्याला चैन पडलं नसतं. मला फक्त तिचं चुकतंय का ते बघायचं होतं.

भांडुपला फोन लावला. जाऊबाई म्हणाल्या, "बाबांचा काहीच त्रास नाही हो. हाक मारल्याशिवाय बोलतसुद्धा नाहीत." त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी नवरा जाऊन त्यांना घेऊन आला.

मला वाटलं होतं, झालं, गाडी रुळावर आली. सासरे ओट्यावर बसले, पाण्याचा तांब्या घेतला, आणि गप्प. मी वालाचं पातेलं पुढे ठेवलं. सोलले. मुलगी खोलीतून आली की ते पाय आखडून घ्यायचे आणि तिला वाट द्यायचे. आठ दिवस त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मीठ संपलं तेव्हा मुद्दाम दोनदा मोठ्याने सांगितलं. ते उठले आणि दुकानातून मीठ घेऊन आले.

शेवटी मीच म्हटलं, "बाबा, बोला की तिच्याशी."

"परीक्षा हाय पोरीची," ते म्हणाले. "मी कशाला मधी?"

'बाबा कशाला मध्ये?' हे माझेच शब्द होते. कधी, कुणापाशी बोलले होते देव जाणे, पण त्यांनी ते ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी पुस्तक घेऊन बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. वाल सोलता सोलता, कुणाकडेच न बघता सांगायला लागली. अंतराळयानातली माणसं तरंगतात. लोकांना वाटतं, तिथे गुरुत्वाकर्षण नाही. पण असतं. ती माणसं आणि ते यान, दोन्ही सारखंच खाली पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. एवढं बोलून ती थांबली. सासऱ्यांचे हात चालू होते.

मी गाइड उघडलं नव्हतं. मला काहीच कळलं नव्हतं. तोंडातून आपसूक निघालं, "अगो, पण पडतायत तर मग आपटत कशी नाहीत? आणि पडताना वजन जातं कुठं?"

सासऱ्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे.

"लिफ्ट वरनं खाली सुटते ना," ते सावकाश म्हणाले, "तवा पयल्या झटक्याला पोटात कसं हलकं होतं. तीस वर्सं झालं मला तसं. ते हेच काय गो?"

"हेच!" मुलगी ओरडली. "आजोबा, हेच!"

"मग दोर तुटला तर माणूस लिफ्टमधी तरंगंल?"

पुढे काय झालं ते सांगायला नको. त्या रात्री पाहुण्यांना पिठलं करपलेलं मिळालं आणि मी त्यांची माफी मागितली. दाराची कडी नंतर कुणी लावली नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दीड तासाला एक पान, कधी अर्धंच पान, आणि मी घड्याळ पाहायचं बंद केलं. नवराही जीप लावून आला की चहा घेऊन तिथेच टेकायचा आणि "एक मिनिट, परत सांग" म्हणायचा. भीती गेली नव्हती. मार्चमध्ये ती पेपरला गेली की मला भात जायचा नाही.

मे महिन्यात निकाल लागला. विज्ञानात शंभरपैकी ब्याऐंशी. गणित जेमतेम, इंग्रजी बरं. गावात आमच्यापेक्षा वरचे चार निघाले. पण तिला महाडच्या कॉलेजात सायन्स घ्यायचं होतं आणि ते मिळण्यासारखं होतं. नवऱ्याने पेढे आणले. मी एक सासऱ्यांच्या हातावर ठेवला आणि वाकून पाया पडले.

त्यांनी पेढा खाल्ला. बोटं धोतराला पुसली. मग विचारलं, "सूनबाय, मला तवा मुंबईला का धाडलंस?"

आवाजात राग नव्हता. मिठाबद्दल विचारायचे तसंच विचारलं. मला मान वर करवेना.

"चुकलं बाबा माझं."

"चुकलं ते म्हायती हाय गो," ते म्हणाले. "का, ते इचारतोय."

आणि ते थांबले. लिफ्टमध्ये माणसाचा मजला येईपर्यंत थांबत असतील तसे. मला तोवर कुणी हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"पोलादपूरच्या वर आमची वाडी," मी म्हटलं. "एक खोली आणि नऊ माणसं. मी दहावीला होते तेव्हा चुलीपुढे बसून पुस्तक वाचायची. येणारा-जाणारा पाणी मागायचा, चहा मागायचा. एक दार पाहिजे होतं मला, बाबा. लावून घ्यायला. तेवढं असतं तर मी पुढे शिकले असते, असं वाटायचं. म्हणून हिला दिलं."

आता ते डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं.

"म्हंजे?" सासरे पुढे सरकले. "नऊ माणसं एका खोलीत झोपायची कशी?"

मी डोळे पुसले, वालाचं पातेलं ओढून घेतलं आणि त्यांना सांगायला बसले.