उजवीकडे वळलेली नळी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि त्यावर वाकलेली माझी वहिनी. मागे फळ्यांवर नमुन्यांच्या दोनशे चौदा बाटल्या. कपातल्या चहावर साय धरलेली.

वहिनी सागरी जीवांच्या प्रयोगशाळेत चित्रं काढायची. एकतीस वर्षं. चित्रं तीन पुस्तकांत छापली गेली, नाव एकातही नाही. या खेपेला मात्र प्रयोगशाळेच्या साहेबांनी शब्द दिला होता: नळीतल्या किड्याचा नकाशा छापला की खाली तुमचं नाव.

हा किडा तिळाएवढाच. खडकावर, शेवाळावर चुन्याची पांढरी नळी बांधतो, गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली, आणि जन्मभर तिच्यातच राहतो. तोंडाशी पिसांचा तुरा, त्यातल्याच एका पिसाचं झाकण झालेलं. कुणाची चाहूल लागली की आत शिरून दार लावून घेतो.

"थेट तुमच्या दादांसारखा," वहिनी म्हणायची.

वहिनीच्या चित्रांवरून असं दिसलं, की दक्षिण किनाऱ्यावरच्या नळ्या डावीकडे वळतात, उत्तरेकडच्या उजवीकडे. मध्ये नदीचं मुख. म्हणजे किडे दोन जातींचे आणि नदी ही त्यांची सरहद्द. साहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

त्या दुपारी मी तिथे बसून माझ्या नाटकातल्या दिवसांच्या जुन्या गोष्टी सांगत होतो. एका नाटकात माझ्या डाव्या गालावर मोठा तीळ असायचा. एकदा पहिल्या अंकानंतर माझा आवाज बसला, म्हणून बदली नटाला उभं केलं. त्या पठ्ठ्यानं माझा तीळ रोज मेकअपच्या आरशात पाहिलेला. दुसऱ्या अंकात तीळ उजव्या गालावर. नायिका नवऱ्याला ओळखेचना.

वहिनी हसली नाही. सूक्ष्मदर्शकाला एक आरसा जोडलेला होता. त्यामुळे किडा शेजारच्या कागदावर दिसे आणि त्यावरून पेन्सिल फिरवली की चित्र तयार. तो आरसा तिनं बोटानं हलवला.

"हा कधी बसवला ठाऊक आहे, भाऊजी? दक्षिणेच्या बाटल्या संपल्या त्या आठवड्यात."

"मग?"

"मग काय. सरहद्द नदीत नाहीच. या टेबलावर आहे."

साहेब ऐकेनात. "बाई, नऊ दिवसांत छपाई. हात दाखवून अवलक्षण कशाला? कोण बघायला जातंय?"

"मी जाते."

उत्तरेच्या शहाण्णव बाटल्या. आरसा काढून तिनं खणात टाकला. रोज सकाळी खिडकीतला उजेड आला की एकेक नळी चिमट्यानं उचलायची, साध्या भिंगाखाली धरायची, नजरेनंच पाहून काढायची. बाटल्या देण्याघेण्याचं काम माझ्याकडे. मी एकदा दोन बाटल्यांच्या झाकणांची अदलाबदल केली, तर म्हणाली, "भाऊजी, तुम्ही प्रेक्षकांतच बरे."

डावी. डावी. डावी. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसून पुन्हा डावी. आठव्या दिवशी शेवटची बाटली फळीवर गेली. तीही डावीच. तिनं शहाण्णव चित्रं नव्यानं काढली होती आणि नकाशावरची नदीजवळची रेघ खोडली होती.

साहेबांनी नकाशा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला.

"म्हणजे सगळीकडे एकच किडा. यात आता पाहण्यासारखं काय उरलं, बाई? आणि असल्या नकाशाखाली तुमचं नाव घालायचं?"

वहिनीनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

"घाला की. फक्त उलटं छापू नका."